एसएमपीएस कॅबिनेटसोबत येतो तोच?

बारक्याने नवीन कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी लिहिलेलं वहीचं पान कट्ट्यावर पसरलं. ताईने वरच्या सगळ्या ओळी सोडल्या आणि थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘एसएमपीएस – कॅबिनेटसोबत येतो तोच.’ म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बाहेरच्या पेटीसोबत फुकट मिळेल तो.

“यादी वरून वाचतात, ताई,” जनरल म्हणाला.

“तू वाच वरून. माझ्याकडे दुरुस्तीला मशीन येतात त्या खालच्या ओळीमुळे.”

जनरलला हे नाव कॉलेजात पडलं. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की तो आधी सैन्य मोजतो. कॅमेरा असेल तर मेगापिक्सेल, स्पीकर असेल तर वॉट, कॉम्प्युटर असेल तर कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतली डोकी. बारक्याच्या पहिल्या ओळीतला आठ कोअरचा प्रोसेसर त्याच्याच सांगण्यावरून आला होता. त्याखाली काचेचं कॅबिनेट, रंग बदलणारे सहा पंखे, सोळा जीबी रॅमची एकच स्टिक, आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक कार्ड, आणि मग ती शेवटची ओळ. पैसे वरच संपले होते, हे पान बघूनच कळत होतं.

मास्तरांनी चष्मा चढवला. “पण मुळात नवीन कशाला? जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाक, अजून पाच वर्षं ओढेल.”

मास्तर हे प्रत्येक वेळी म्हणतात आणि प्रत्येक वेळी त्यात तथ्य असतं. बारक्याचा जुना प्रोसेसर इंटेलचा आय५, सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या बाबतीत थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. पण तेवढ्याने ती मशीन भंगारात जात नाही. बारक्याची अडचण वेगळी आहे. त्याला प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ एडिटिंग आणि रात्री गेम, असं तिन्ही करायचंय, आणि चार कोअर चार थ्रेडवर, म्हणजे एका वेळी चारच कामांच्या रांगांवर, एडिटिंग करताना टाइमलाइन पुढे सरकत नाही. म्हणजे बांधणं आलंच. वेळ तेवढी वाईट. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा आधार संपला, डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल या आपल्या रॅमच्या ब्रँडचं दुकान आवरायचं जाहीर केलं, आणि रॅमचे भाव किती चढलेत ते आमच्या कट्ट्यावर कुणाला नव्याने सांगायला नको.

“सगळी रॅम त्या एआयवाल्यांनी उचलली,” बारक्या कुरकुरला.

“मग तू विकत कशाला घेतोयस? जुन्या मशीनमध्ये किती आहे?”

“आठ-आठच्या दोन स्टिक.”

“चौथ्या पिढीच्या, डीडीआर४ ना?”

“हो. २४०० वेगाच्या.”

ताईने पेन मागितलं आणि रॅमच्या ओळीवर आडवी काट मारली.

मी ताईच्या बाजूचा आहे, हे सांगूनच पुढे लिहितो, कारण त्या एका काटेत बजेटचा अर्धा प्रश्न सुटला होता. हौसेने बांधणारा माणूस दुकानाच्या यादीपासून सुरुवात करतो. कमी पैशांत बांधणाऱ्याने घरात काय पडलंय तिथून करावी. आणि सध्या तर हातातली रॅमच सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो तो साचा, ठरवते. एएमडी कंपनीचा नवा एएम५ सॉकेट घेतला की पुढच्या पिढीची डीडीआर५ घ्यावीच लागते. त्या स्लॉटची खाच वेगळ्या जागी असते, डीडीआर४ तिथे बसतच नाही. बारक्याच्या दोन स्टिक वापरायच्या तर एएमडीचा जुना एएम४ किंवा इंटेलच्या एलजीए १७०० चा डीडीआर४ घेणारा बोर्ड, एवढेच दोन रस्ते.

मास्तरांना हे रुचलं नाही. “एएम४ म्हणजे २०१६ चा सॉकेट. पुढे काही येणार नाही त्यात. एएम५ ला निदान २०२७ पर्यंत तरी नवे प्रोसेसर देऊ म्हणतेय कंपनी. पोरगा शिकतोय, त्याने पुढचं बघून घ्यावं.”

“पुढचं बघायला आज नवी रॅम घ्यावी लागतेय, मास्तर, आणि आजचा भाव तुम्ही बघितलाय. आज एएम४ चा रायझन ५ ५६०० प्रोसेसर टाकू दे. सहा कोअर, बारा थ्रेड, कूलर खोक्यातच मिळतो. तीन-चार वर्षांनी कुणीतरी त्याच सॉकेटचा वरचा प्रोसेसर, ५८००एक्स३डी, विकायला काढेल, तो याच बोर्डात बसेल.”

“कुणीतरी काढेल, यावर योजना करायची?”

यावर ताई गप्प बसली, आणि मला वाटतं मास्तरांचा मुद्दा खोडला गेलाच नाही. रॅम घरात नसती तर मीसुद्धा एएम५ च म्हणालो असतो.

जनरलला हे शांतपणे चाललेलं बघवेना. “दोन आठ-आठच्या ठेवून काय उपयोग? सोळाची एक घेतली की पुढे दुसरी टाकता येते.”

“आणि ती दुसरी येईपर्यंत?” ताई म्हणाली. “प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन चॅनल असतात. एक स्टिक म्हणजे एक चॅनल बंद. दोन लावल्या, आणि त्याही योग्य स्लॉटमध्ये, तर बँडविड्थ, म्हणजे डेटाची वाट, दुप्पट. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून बहुतेक दुसरा आणि चौथा. शेजारी-शेजारी खुपसून आणलेल्या मशीन मी किती बघते.”

“मग ५६००जी घेऊ का?” बारक्याने विचारलं. “आतच ग्राफिक आहे, कार्डाचा खर्च वाचेल.”

“आतलं ग्राफिक याच रॅमवर जगतं. त्याला वेगवान रॅम लागते, तुझी आहे २४००. गेम कसाबसा चालेल आणि तू मला शिव्या देशील. कार्ड घे. पण हे नको.” तिने ६५०० एक्सटीवर पेन टेकवलं.

“का? २०२२ चं आहे, नवीन.”

“मेमरी चारच जीबी. वर बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन. बी४५० सारख्या पीसीआयई ३ च्या, म्हणजे जुन्या वेगाच्या स्लॉटच्या, बोर्डात लावलंस तर वाट निम्मी अरुंद होते, आणि मेमरी भरली की तेच नडतं. त्याहून मोठं म्हणजे त्यात व्हिडिओ एन्कोडर, तयार व्हिडिओची फाइल बांधणारा भाग, तोच नाही. तू एडिटिंग करणार ना? एक्स्पोर्टचा सगळा भार प्रोसेसरवर पडेल.”

बारक्याने तोंडाचा आ केला. या गोष्टी खोक्यावर ठळक लिहिलेल्या नसतात, आणि राग येतो तो इथे. पहिला कॉम्प्युटर बांधणाऱ्याने एन्कोडर नसल्याचं कुठून शोधायचं? तो जीबी बघतो, वर्ष बघतो, आणि नवीन ते चांगलं समजून घेऊन येतो. ताईने सुचवलेलं आरएक्स ६६०० हे ६५०० एक्सटीच्या तीन महिने आधीचं, ऑक्टोबर २०२१ चं. पण आठ जीबी, आठ लेन, आणि एन्कोडर जागच्या जागी. वापरलेलं मिळालं तरी हरकत नाही. पैसे देण्याआधी समोर अर्धा तास लोडवर चालवून घ्यायचं. विकणारा नाही म्हणाला तर उठून यायचं.

बोर्डावर फार वेळ गेला नाही. बी५५०, शक्यतो बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, बायोस, जुनं निघालं तरी प्रोसेसर न लावता अपडेट करता येतं. एसएसडी एनव्हीएमई, एक टीबी. सेकंदाला सात हजार एमबीचा वेग दाखवणारी नको, साडेतीन हजारवाली भरपूर झाली. गेम उघडताना दोघींतला फरक सांगून दाखवा. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं. काच बघून जनरलचे डोळे भरून येतात, पण काचेतून हवा जात नाही.

मग शेवटची ओळ. बारक्याच्या मोबाइलमध्ये त्या कॅबिनेटसोबतच्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो होता. ५०० वॉट, बोटभर अक्षरांत.

“पाचशे पुरतात की!” जनरल.

“खाली बारीक अक्षरांत वाच. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर?”

“अठरा.”

“बारा गुणिले अठरा?”

“दोनशे सोळा,” मास्तर म्हणाले. गणित म्हटलं की ते थांबत नाहीत.

“आता ६६०० चे धर १३२ वॉट. ५६०० भरात असताना ७६. दोनशे आठ झाले. उरलेल्या आठ वॉटमध्ये पंखे, बोर्ड, एसएसडी, सगळं बसव. इंटेलचा १२४००एफ घेतलास तर तो एकटाच ११७ पर्यंत जातो, तिथे हिशेब तुटलाच. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेत. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जेवतात. तिथे कुणी जात नाही.”

जनरल म्हणाला, “मग ८० प्लस लिहिलेला घे, झालं.”

“८० प्लस म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामाला येते एवढंच. त्यातला ब्राँझ दर्जा म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर ८५ टक्के. शॉर्ट झालं तर तो स्वतः बंद पडेल की तुझा बोर्ड घेऊन जाईल, हे त्या स्टिकरवर नसतं. त्यासाठी उघडून, लोड लावून केलेले रिव्ह्यू वाचावे लागतात. साडेपाचशे वॉटचा घे, चांगल्या ठिकाणी बनलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. आठ कोअरचे सहा कर, पंखे काढ, हे पैसे तिथे टाक.”

मला हेच म्हणायचं आहे, आणि मी ते कट्ट्यावर आवाज चढवून म्हणालोसुद्धा. कमी बजेटमध्ये काटकसर कोअरमध्ये करा, दिव्यांमध्ये करा, काचेत करा. प्रोसेसर नंतर बदलता येतो, कार्ड बदलता येतं. एसएमपीएस गेला तर तो एकटा जाईल याची खात्री नाही.

“आणि केबल,” मास्तर मध्येच म्हणाले. “केबलचं सांग त्याला.”

आता हे निघणार हे सगळ्यांना माहीत होतं. जनरलने मान फिरवली.

झालं होतं असं की मास्तरांच्या मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणाऱ्या, एसएमपीएसची डिस्कला वीज देणारी एक साटा केबल तुटली, आणि जनरलने आपल्या जुन्या एसएमपीएसची आणून लावली. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखंच असतं. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले. डिस्क गेली, आणि तिच्यावरच्या मास्तरांच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही.

“बसली होती ना व्यवस्थित?” जनरल म्हणाला. “बसली म्हणजे चालणार, असंच कुणालाही वाटेल.”

“बसली होती,” मास्तर म्हणाले. “तूही बसलायस. चालतोस का?”

बारक्या कट्ट्यावरून खाली घसरला. जनरल चिडला आणि त्याने ठेवणीतला तोफखाना बाहेर काढला.

“हसा. एवढी डोकेफोड करून शेवटी सहाच कोअर आले. माझ्याकडे चौदा आहेत. झिऑन ई५-२६८० व्ही४. चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड! सर्व्हरमधून काढलेला, मातीमोल.”

“२०१६ चा,” ताई म्हणाली. “रेंडरला ठीक आहे, मी नाही म्हणत नाही. पण टर्बोत, म्हणजे सगळ्यात जोरात पळताना, ३.३ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही, आणि ५६०० जातो ४.४ पर्यंत. वर एकेका कोअरची पिढीच नवीन. गेमला ते लागतं, चौदांचा जमाव नाही. विंडोज ११ कसं चालवतोस?”

“विंडोजच्या रजिस्ट्रीत, आतल्या सेटिंगांत, थोडं बदललं की चालतं.”

“मग माझा आय५ विंडोज ११ ला चालत नाही म्हणून तूच मला नवीन घ्यायला लावलंस ना?” बारक्या उठून उभा राहिला.

ताईने हात वर केला. “थांब रे. जनरल, तुझ्या झिऑनला मेमरीचे चॅनल किती?”

“चार!” जनरलची छाती फुगली. “क्वाड चॅनल. तुमच्या दुप्पट.”

“आणि स्टिक किती लावल्यास?”

जनरलने समोरच्या दिव्याच्या खांबाकडे पाहिलं. मग स्वतःच्या चपलांकडे.

“एक,” तो म्हणाला. “दुसरी आहे, ड्रॉवरमध्ये. बोर्डाचे बाकीचे स्लॉट तिला ओळखत नाहीत.”

ताई इतकी हसली की पेन हातातून पडलं. पण जनरल खचणाऱ्यांतला नाही, हे त्याचं मला आवडतं. दोन मिनिटांत तो सावरला आणि बारक्याच्या खांद्यावर हात टाकला.

“सोड यांना. ती ड्रॉवरमधली सोळाची आहे, डीडीआर४ च. तुझ्या सोळाचे बत्तीस होतील. मित्र म्हणून देतो, आजच्या बाजारभावाने.”

“फोटो आहे का तिचा?” ताईने विचारलं.

होता. तिने तो बोटांनी मोठा केला. “पीसी४-२४००टी-आर. हा आर दिसतोय? रजिस्टर्ड. सर्व्हरची रॅम. बारक्याच्या बोर्डात लावली तर मशीन सुरूच होणार नाही.”

“खाच तर तीच आहे!” जनरल म्हणाला.

“बसेल,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनाच पुढे बोलवेना. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. “बसेल रे, व्यवस्थित बसेल. पण तू ती मला दे. माझ्या डिस्कच्या खात्यात जमा धरतो.”

“आजच्या भावाने धरणार ना?” जनरलने विचारलं.