घर विकायचंय? मग आधी एकदा पाहुण्यासारखे दारातून आत या

मोठी पोस्ट आहे, पण घर विकायच्या विचारात असाल तर वाचाच.

आम्ही जुनं घर विकायला काढलं तेव्हा पहिले दोन महिने लोक यायचे, हॉलमध्ये उभे राहायचे, किचनमध्ये डोकावायचे आणि "कळवतो" म्हणून जे जायचे ते जायचेच. मला खूप राग यायचा, एवढं चांगलं घर यांना दिसत कसं नाही! मग एजंटने एक दिवस आमच्याच हॉलचे फोटो काढून माझ्यासमोर धरले आणि मी गप्प झाले. खुर्चीवरचे कपडे, फ्रीजवर रचलेले डबे, चार्जरच्या वायरींचा गुंता... रोज बघून बघून हे आपल्याला दिसेनासंच होतं. वासाचंही तेच, आपल्या घराचा वास आपल्या नाकाला येत नाही, त्यामुळे बाहेरच्या माणसाला बोलवून स्पष्ट विचारायचं.

विकण्याआधी घर असं बघणाऱ्याच्या नजरेने आवरून-मांडून ठेवायचं, याला होम स्टेजिंग म्हणतात, अमेरिकेत बार्ब श्वार्झ या बाईंनी १९७० च्या दशकात हा प्रकार रुजवला. लोकांना वाटतं स्टेजिंग म्हणजे नवीन सोफा, फुलदाण्या, महागडे पडदे. मला तर अनुभवावरून वाटतं की त्यातलं निम्म्याहून जास्त काम सामान बाहेर काढायचंच आहे. आणि तेच सगळ्यात जड जातं. कॅनमन, नेच आणि थेलर या संशोधकांचा १९९० चा एक प्रयोग आहे, काही जणांना साधे कॉफीचे मग दिले आणि विचारलं केवढ्याला विकाल, तर त्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. नुकत्याच हातात आलेल्या कपाचं हे होतं, तर वीस वर्षं राहिलेल्या घराचं काय होत असेल सांगा! आपण आठवणींसकट किंमत लावतो, आणि समोरच्याला दिसतात फक्त भिंती, उजेड आणि जागा.

आमच्याकडे अडलं ते आईच्या शिलाई मशीनवर. हॉलच्या एकुलत्या एक मोठ्या खिडकीसमोर ते होतं, बाजूला कापडांचे गठ्ठे, त्यामुळे खोली कायम अंधारी आणि अर्धीच वाटायची. आईला सांगायला मला आठवडा लागला. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी स्वतःच गठ्ठे बांधायला बसली. मशीन मावशीकडे ठेवलं, खिडकीच्या काचा धुतल्या, आणि खरंच सांगते, खोली तीच पण आम्हीच बघत राहिलो.

बाकी कामं किरकोळ होती. गळका नळ, कुरकुरणारी बिजागरी, बाथरूमच्या टाईल्सच्या फटींत भरलेलं, काळं पडलेलं ग्राउट. गळका नळ दिसला की माणूस मनात म्हणतो, न दिसणारं अजून काय काय बिघडलं असेल. हॉलमध्ये एक बल्ब पिवळा एक पांढरा होता, सगळे २७०० ते ३००० केल्विनचे वॉर्म, म्हणजे पिवळसर उजेडाचे लावले. पण घर पूर्ण रिकामं करू नका हं, ओक्याबोक्या खोलीत डोळ्याला माप मिळत नाही, बेड बसेल की नाही तेच कळत नाही लोकांना, म्हणून एक बेड, एक टेबल राहू द्या.

आता जे मला अगदी मनापासून सांगायचंय ते. ओल लपवू नका. आम्ही दुसरं घर शोधत होतो तेव्हा एका ठिकाणी ताजा रंग, छान पडदे, सगळं सुंदर, फक्त एक कपाट विचित्र जागी. बाबांनी मागे हात घातला तर भिंत गार आणि ओलसर, पोपडे सुटलेले. गळती न थांबवता वर रंग मारला की तो पुन्हा फुगतोच, आणि तोवर कुणीतरी आयुष्यभराची बचत त्यात घातलेली असते. हे स्टेजिंग नाही, ही फसवणूक आहे. फोटोत कॉम्प्युटरने फर्निचर टाकतात तेही तसं सांगूनच टाकावं, नाहीतर माणूस प्रत्यक्ष येतो आणि दारातच त्याचा विश्वास उडतो. आमच्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल होती, ती आम्ही दुरुस्त करून घेतली आणि येणाऱ्या प्रत्येकाला कधी, काय केलं ते सांगितलं. त्यामुळे कुणी पळून गेलं नाही.

ज्यांनी घर घेतलं त्या ताई खिडकीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. नवऱ्याला म्हणाल्या, "माझं टेबल इथे बसेल ना?" तो उत्तर देणार तेवढ्यात मागून आई म्हणाली, "बसेल. आणि संध्याकाळपर्यंत दिवा लावावा लागत नाही इथे."