भर सौद्यात राउटर अपग्रेड?

आज सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी नेट गेलं, ते ११ वाजून ५८ मिनिटांनी आलं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू, दारात गाडी भरून उभी, माल न्यायला लागणारं ऑनलाइन ई-वे बिल निघेना. शेजारच्या अडत दुकानांतही हीच गत. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी दारात, "मालक, सोडताय का गाडी?" आणि चुलते माझ्याकडे बघतायत, कारण घरात नेटवर्किंगचं काम केलेला मी एकटाच.

नेट कंपनीला फोन लावला. "तुमचा राउटर बंद करून चालू करा." केला. पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी खरं बाहेर आलं. "दादा, आमच्या मेन राउटरचं सॉफ्टवेअर अपग्रेड चाललंय, होईल दहा मिनिटांत."

सकाळी अकराला? भर बाजारात? आणि हे माहीत असताना मला दोनदा वायरी उपसायला लावल्या? टाळकंच सरकलं माझं.

अपग्रेड करू नका असं कोण म्हणतंय? जुन्या सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवायलाच पाहिजेत. पण मी बारा वर्षं हे काम केलंय, रात्री दोनला उठून केलंय. गिऱ्हाइकाला आधी कळवायचं. नवी इमेज, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरची फाइल, दिवसाच चढवून ठेवायची आणि ती धड उतरलीय का हे सांगणारा आकडा, म्हणजे चेकसम, जुळवून ठेवायचा. कॉन्फिगचा, म्हणजे राउटरच्या सेटिंगचा, बॅकअप घ्यायचा. जुनी इमेज पुसायची नाही, बिघडलं तर तिच्यावरच परत यायचंय. आणि रीलोडच्या, म्हणजे राउटर बंद करून चालू करायच्या, आधी नेटचं ट्रॅफिक दुसऱ्या वाटेला लावायचं! कंपनीच्या आतले राउटर एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत ओएसपीएफ; तिच्यात मॅक्स-मेट्रिक लावलं, म्हणजे आपली वाट सगळ्यात महाग दाखवली, की शेजारचे राउटर आपणहून दुसरी वाट धरतात. वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये वाटा सांगायची पद्धत बीजीपी, तिच्यासाठी ग्रेसफुल शटडाउन आहे, २०१८ पासून आरएफसी ८३२६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलंय: बंद पडायच्या आधी शेजाऱ्याला सांग, तो वाट बदलेल, मग खुशाल बंद हो. वाट मोकळी झाली का बघायची, मगच रीलोड. गणपतीच्या मिरवणुकीला रस्ता बंद करायचा तरी पर्यायी मार्ग आधी पेपरात येतो.

दुसरी वाट नव्हती म्हणाल, तर तेही खोटं. दुसरा राउटर आहे त्यांच्याकडे. मागच्या वर्षी जोडणी देताना त्यांचाच माणूस छाती ठोकून सांगून गेला होता, "एक पडला तरी दुसरा आहे, काळजी नको." त्याच भरवशावर चुलत्यांनी वर्षाचे पैसे एकदम भरले.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हाही नेट गेलं. ब्र काढला नाही कुणी, त्यांची पोरं कंबरभर पाण्यात उतरून काम करत होती. त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे. आजच्या दिवशी पूर नव्हता, वादळ नव्हतं. रात्रपाळीला एक माणूस बसवायचा नव्हता, एवढंच. लाईट जाणार असली तरी आदल्या दिवशी मेसेज येतो हो!

गाडी एक वाजता सुटली. संध्याकाळी मी स्वतः फोन करून विचारलं, दुसऱ्या राउटरचं अपग्रेड कधी?

"गुरुवारी, दादा. सकाळीच उरकून घेतो."

गुरुवारी आमच्या तीन गाड्या भरायच्या आहेत.