मेव्हण्याच्या गाडीतला ड्रम

मेव्हण्यानं गाडी घेतली त्याला तीन वर्षं झाली. परवा त्याच गाडीतून हिंगणघाटला लग्नाला चाललो होतो. समोरच्या पडद्यावर एएम, एफएम आणि त्याच्या बाजूला डीआरएम असं लिहिलेलं. म्हटलं, हे काय रे? तर म्हणतो, "ते ड्रम आहे भाऊजी. बेस वाढत असन त्यानं."

तीन वर्षांत एकदाही त्यानं ते दाबलं नव्हतं. मी दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागला. खापरी गेलं, जामठ्याचं स्टेडियम गेलं, बुटीबोरी आली, गोल फिरतोच आहे. शेवटी मागून त्याची बायको ओरडली आणि पेनड्राइव्हवरची गाणी लागली.

डीआरएम म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडिआल, रेडिओ डिजिटल पद्धतीनं ऐकवायचं तंत्र. आकाशवाणीनं देशभरात 35 मध्यम लहरींचे ट्रान्समीटर या तंत्राचे बसवले. मारुती, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत त्याचा रिसीव्हर कंपनीतूनच येतो. म्हणजे लोकांनी पैसे मोजलेत, यंत्र डॅशबोर्डात बसलंय, आणि मालकाला वाटते ते ढोल वाजवायचं बटण आहे.

त्यात पडद्यावर तो गोल फिरत होता कुठं, तर बुटीबोरीला! आकाशवाणीचा 1000 किलोवॉटचा ट्रान्समीटर तिथंच बसवलेला. 1988 साली नॅशनल चॅनल सुरू झालं ते इथूनच, 1566 किलोहर्ट्झवर, रात्रभर. रात्री मध्यम लहरी लांब जातात आणि नागपूर पडलं देशाच्या मधोमध. कुठल्या कुठल्या गावातले रात्रपाळीचे चौकीदार आणि ट्रक ड्रायव्हर नागपुरातून निघालेला आवाज ऐकायचे. 2019 च्या सुरुवातीला ते चॅनल बंद केलं. नागपुरात बर्डीवर कोणाला विचारा, ते चालू होतं हेही माहीत नसन.

हे सगळं आज लिहायचं कारण, आता खासगी रेडिओ डिजिटल करायचं चाललंय आणि यादीत आपलं गाव आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं शिफारशी दिल्या. चार महानगरं आणि नऊ मोठी शहरं, असा 13 शहरांपासून आरंभ, त्यात पुण्यासोबत नागपूर. योजना कागदावर चांगली आहे, खोटं कशाला बोला. एकाच फ्रिक्वेन्सीवर आजच्यासारखा साधा एफएम चालू राहणार, आणि त्याला खेटून तीन डिजिटल चॅनल आणि एक डेटाचं. आवाज स्वच्छ, वीज कमी, संकटाच्या वेळी इशारा थेट पडद्यावर दाखवायची सोय. सध्या एफएम फिरवलं की चार ठिकाणी तीच तीन गाणी आणि तोच प्लॉटचा जाहिरातवाला. चॅनल वाढले तर एखाद्यावर तरी शेतीचं, नाटकाचं, वऱ्हाडी-झाडीबोलीचं काही ऐकायला मिळेल, ही माझी भाबडी आशा.

पण ऐकायचं कशावर? आमच्याकडं दरवेळी मांडव आधी पडतो, वऱ्हाडाचा पत्ता नसतो. दूरदर्शननं 2007 मध्ये दिल्लीत मोबाइलवर टीव्ही दाखवायचा प्रयोग केला. तो पाहता येईल असे हँडसेट किती जणांकडं होते? मग फेब्रुवारी 2016 मध्ये 16 शहरांत पुन्हा डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, मोबाइलवर फुकट टीव्ही म्हणून. त्या यादीत औरंगाबाद होतं, रायपूर होतं, इंदूर होतं. उपराजधानी नव्हती! (राग नाही, फक्त नोंद.) आणि ज्या शहरांत होतं तिथंही आधी बाजारात जाऊन डोंगल घ्या, फोनच्या खालच्या भोकात खोचा, वरून एवढीशी ॲंटेना उभी करा. कोण करते हे?

जपाननं 2006 मध्ये मोबाइल टीव्ही आणला तेव्हा ट्यूनर फोनमध्येच घालून विकला. लोक लोकलमध्ये उभ्या उभ्या बातम्या पाहायला लागले. पुढं स्वस्त डेटा आल्यावर तेही मागं पडलं, पण निदान पाहिलं तरी कोणी.

आता नवं नाव आहे डी2एम, थेट मोबाइलवर. सिमकार्ड नको, डेटा नको, रेडिओसारखं हवेतून येणार. आयआयटी कानपूर, चिप बनवणारी सांख्य लॅब्स आणि प्रसार भारतीनं चाचण्या केल्यात. मला ही कल्पना मनापासून आवडते. पण फोनमध्ये वेगळी चिप लागते, आणि क्वालकॉम, नोकियासारख्या कंपन्यांचा विरोध तिथंच सुरू होतो. खर्च वाढते, बॅटरी खाते. अरे बाप्पा, साधा एफएम, ज्याला जास्तीचा खर्च जवळपास नाही, तोसुद्धा यांनी फोनमधून गुपचूप काढला. एप्रिल 2023 मध्ये सरकारनं कंपन्यांना लिहून सांगितलं की एफएमची सोय असू द्या, बंद करू नका. त्यानंतर आईसाठी फोन घेतला, त्यात एफएम नाही. दुकानातला पोरगा आईला म्हणाला, "काकू, ॲप टाकून देतो नं!" ॲपला डेटा लागते, डेटाला रिचार्ज. आणि ॲपला माहीत असते आई काय ऐकते, किती वाजता झोपते. रेडिओला तिचं नावही माहीत नाही. मला तेच पाहिजे.

शेवटी तिचा जुना रेडिओ घेऊन इतवारीत गेलो. स्टेशन लावायच्या काट्याची दोरी तुटली होती. दुरुस्तीवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला, खोकं उघडलं, धूळ फुंकली, आणि ड्रॉवरमधून पतंगाची साधी सद्दी काढून तिला मेण लावलं. चक्रीवरून दोन वेढे, स्प्रिंगला गाठ, काटा अडकवला, फिरवून पाहिला. 585 वर आला तसं नागपूर केंद्र लागलं, खरखरीसकट. सत्तर रुपये झाले. मी त्याला विचारलं, डिजिटल रेडिओ आला तर दुरुस्त कराल का? म्हणाला, "भाऊ, त्यात दोरी कुठं असते? बंद पडला तर फेका."

त्याचं बोलणं डोक्यात राहिलं. साधा रेडिओ कमजोर सिग्नलवर खरखरतो, पण बोलत राहतो. डिजिटल एका मर्यादेपर्यंत झकास, त्याच्या खाली गेलं की एकदम चूप. शहरातल्यांना हा फरक जाणवणार नाही. कोंढाळीच्या पुढं घाटात किंवा रामटेकच्या मागच्या जंगलपट्टीत जाणवेल. साधा एफएमचा डबा काहीशे रुपयांत मिळतो, डीआरएमचा संच अजून काही हजारांत. म्हणून माझं म्हणणं एवढंच: फ्रिक्वेन्सींचा लिलाव करा, चॅनल वाढवा, पण हजाराच्या आत मिळणारा संच गोकुळपेठेपासून काटोलच्या बाजारापर्यंत दिसेपर्यंत साध्या रेडिओला हात लावू नका. आणि फोनमध्ये ट्यूनर घालायला पत्र लिहून सांगू नका, नियम करा.

नागपुरात कोणाच्या गाडीत ते डीआरएम आहे आणि त्यावर काही लागलं असेल, तर खाली सांगा, कुठं उभं राहून लागलं तेही सांगा. मेव्हण्याला दाखवायचं आहे. तो अजून बेसच म्हणतोय.