खुलासा : फुकट मिळणारी फाइल म्हणजे बिनशर्त फाइल नव्हे

पुण्यातल्या प्रोग्रामर मंडळींच्या ग्रुपांवर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाबद्दलचा माझा रविवारचा मेसेज फिरतोय: "ओपनस्ट्रीटमॅपचा पुण्याचा डेटा फुकट आहे, तो एमआयटी लायसन्सखाली सॉफ्टवेअरसोबत द्या." (एमआयटी म्हणजे फारशा अटी नसलेलं सॉफ्टवेअरचं लायसन्स.) हे चूक आहे, आणि चूक माझी आहे. नकाशाच्या डेटाचं मूळ लायसन्स आता नीट वाचलं. २०१२पासून हा डेटा ओडीबीएल, म्हणजे 'ओपन डेटाबेस लायसन्स', याखाली आहे. श्रेय द्यावंच लागतं; त्यात बदल करून तो डेटाबेस जाहीरपणे वाटला, तर तोही ओडीबीएलखालीच द्यावा लागतो. आपला कोड एमआयटीखाली राहू शकतो, डेटाचं लायसन्स वेगळ्या फाइलमध्ये लिहा. कोथरूड-हडपसरच्या गल्ल्या लोकांनी मेहनतीने नोंदवल्यात, त्यांचं श्रेय पुसलं जायला नको. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, जिथे पाठवला असेल, तिथे हा टाका.