उत्तर: 12 फुटांच्या गाळ्याला 7 इंची कडी का दिली

नमस्कार दादा,

आमच्या लाकडाच्या वखारीबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार देऊन तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. नव्या खोलीच्या छपरासाठी, 12 फुटांच्या गाळ्याला (गाळा म्हणजे दोन भिंतींमधलं अंतर), सुतारानं 5 बाय अडीच इंचांच्या कड्या सांगितल्या असताना आम्ही 7 बाय अडीचच्या गळ्यात मारल्या. दोन कड्यांना गाठी निघाल्या. आणि विचारायला आलात तेव्हा गल्ल्यावरच्या पोरानं "तुम्हाला त्यातलं कळत नाही" असं सुनावलं.

शेवटचं आधी घेतो. ते बोलणं चुकीचं होतं आणि त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. घर बांधणाऱ्या माणसानं विचारायचंच असतं. त्या दिवशी मी वखारीत असतो तर कागद घेऊन तुमच्यासमोर बसलो असतो. ते राहून गेलं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

तुमचा सुतार चुकला असं मी म्हणणार नाही. वर पत्रा टाकायचा आणि कुणी चढणार नाही, असं धरलं तर त्याचा हिशेब बरोबर आहे. पत्रा, खालचं लाकूड धरून चौरस मीटरला 25 किलो, आणि कुणी जाणार नसलेल्या छपरासाठी मानकात धरतात तो भार 75 किलो. झाले 100. एवढ्या भाराला 5 इंची कडी निभावते. पण तुम्ही माप द्यायला आलात तेव्हा वहिनीही बरोबर होत्या. फळ्यांवर 3 इंच कोबा करायचा आणि वर मिरच्या, सांडगे वाळत घालायचे, असं त्यांनीच सांगितलं होतं. तिथं सगळा हिशेब फिरतो. कोब्याचेच चौरस मीटरला 150 किलो, फळ्या आणि कड्यांचे 30, आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे आणखी 150. एकूण 330. पत्र्याच्या तिप्पटीहून जास्त.

आता कड्या दीड-दीड फुटावर, गाळा 12 फूट, लाकूड सागवान. या भाराखाली 5 इंची कडी मधोमध जवळजवळ 10 सूत खाली येते, म्हणजे सव्वा इंच. आयएस 883 मध्ये (लाकडी बांधकामाचं मानक) गाळ्याच्या 240 व्या भागापर्यंत झोल, म्हणजे मधोमधचा वाक, चालतो; 12 फुटांना तो 5 सुतांच्याही किंचित आत येतो. 7 इंची कडी साडेतीन-चार सुतांवर थांबते. दोन इंचांनी एवढा फरक का पडतो? कडीचा ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. लाकूड 40 टक्केच जास्त लागतं, पण ताठपणा पावणेतीन पट होतो. तुमच्या 10 कड्यांमागे मिळून साडेचार घनफूट जास्त गेलं. ते पैसे तुम्हाला जड वाटले हे मी समजू शकतो, पण ते वाया गेलेले नाहीत.

शिवाजी पेठेतल्या आपल्या जुन्या घरात 4 इंची कड्या अजून टिकल्यात, असंही तुम्ही लिहिलंय. टिकणारच. त्या खोलीचा गाळा 8 फूट असल्याचं तुम्हीच लिहिलंय. गाळा दीडपट झाला की तेवढ्याच भाराखाली तीच कडी पाचपट झोल खाते. गाळा न बघता जुन्या घरावरून नव्या खोलीचं माप काढायला मी कुणालाच सांगत नाही.

आणि आपला पाऊस. सपाट छपराला 12 फुटांत पावणेदोन इंच ढाळ देतात. त्यातला सव्वा इंच कडीनंच खाल्ला तर मधे पाणी साचतं. इंचभर पाणी म्हणजे चौरस मीटरला 25 किलो, त्यानं कडी आणखी वाकते, आणखी पाणी साचतं. आमच्या मागच्या पडवीवर वडिलांनी अशाच हलक्या कड्या घातल्या होत्या. जून ते सप्टेंबर रोज सकाळी आई खराट्यानं पाणी लोटायची. शेवटी कोबा फोडून कड्या बदलल्या. कोबा फोडल्यावर भिजून काळ्या पडलेल्या फळ्या मी हातानं उचलल्यात, म्हणून या मापावर मी अडून बसतो.

आता गाठी. तुमचे फोटो मोठे करून बघितले. पहिल्या कडीची गाठ टोकाजवळ, उंचीच्या मधे आहे. तिथं ताण कमी असतो, ती कडी बिनधास्त वापरा. दुसऱ्या कडीची गाठ मात्र कडेलाच, मध्याजवळ, रुपयाएवढी आहे. ती बाजू खाली आली तर तिथंच ताण सगळ्यात जास्त, आणि चीर तिथूनच सुरू होते. ती कडी आमच्याकडून जायलाच नको होती. निवडताना आमच्या माणसाची नजर चुकली, जबाबदारी माझी. बदली कडी परवा सकाळी आमच्या टेम्पोनं घरपोच येईल, भाडं आमचं.

हिशेबाचा कागदही टेम्पोबरोबर पाठवतो. वाढीव बांधकामाला इंजिनिअर लागतोच, तुमच्या इंजिनिअरला तो दाखवा. कोबा आणि माणसं धरून 5 इंच पुरतात असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं, तर न कापलेल्या सगळ्या कड्या मी पूर्ण पैसे देऊन परत घेईन.

तोवर ती गाठीची कडी बाजूला ठेवा. बाकीच्या बसवताना प्रत्येक कडी डोळ्यासमोर लांब धरून बघा, थोडी कमान दिसली तर ती बाजू वर येऊ द्या. टोकं भिंतीत जातात तिथं वाळवीचं औषध दोन हात मारा. आणि पाण्याची टाकी ठेवायचा विचार असेल तर कड्यांच्या मधे नको, भिंतीवर घ्या. 500 लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचेच 500 किलो होतात.