सालीवरचा अर्ज

नांदेडहून कोणी पाहुणे आले की मी त्यांना कॅनबेऱ्याच्या संसदभवनात एका काचेच्या कपाटासमोर नेऊन उभे करतो. आत झाडाच्या सालीचे सपाट तुकडे आहेत. सालीच्या मधोमध टंकलिखित कागद चिकटवलेला आहे आणि त्याच्या भोवती गेरू, कोळसा व पांढरी माती यांनी प्राण्यांची चित्रे आणि आडव्यातिडव्या बारीक रेघांची नक्षी काढलेली आहे. माझ्या चुलतभावाने ते पाहून विचारले, "ही वारली आहे का?" मी हसलो खरा, पण त्या प्रश्नात आपल्याकडच्या समजुतीचा जवळजवळ सगळा नकाशा आहे.

ते चित्र शोभेसाठी नसून तो अर्ज आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला यिरकाला येथे राहणाऱ्या योलंगू लोकांच्या राखीव प्रदेशातून ३०० चौरस किलोमीटरहून अधिक जमीन सरकारने १९६३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीसाठी त्यांना न विचारता वेगळी काढली. त्यावर त्यांनी आपल्या भाषेत आणि इंग्रजीत निवेदन लिहिले आणि त्याला सालीवरच्या चित्रांची चौकट दिली. योलंगूंमध्ये ज्या कुळाची जी नक्षी असते, ती त्या कुळाच्या भूमीशी बांधलेली असते आणि दुसऱ्याने ती परवानगीवाचून काढायची नसते. म्हणजे आमच्या वडिलांनी खासरा पाहणीपत्रकाची नक्कल ज्या काळजीने पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, त्याच काळजीने जपलेला तो मालकीचा कागद होता. फरक इतकाच की तो तलाठ्याने लिहिलेला नव्हता.

मंत्र्यांनी सह्यांवरच शंका घेतली, आणि सह्या करणारे सगळ्यांच्या वतीने बोलू शकत नाहीत असे म्हटले. तेव्हा पहिल्या अर्जाच्याच महिन्यात दुसरा अर्ज गेला आणि त्याच्या सोबत वडीलधाऱ्यांच्या अंगठ्यांचे ठसे गेले. किनवट-आदिलाबादच्या डोंगरात सावकारी कागदांवर अंगठे उठवून गोंडांच्या जमिनी कशा गेल्या हे ऐकत वाढलेल्या माणसाला तो ठशांचा कागद पाहताना विचित्र वाटते. अंगठा इथे जमीन देण्यासाठी नव्हे, तर मागण्यासाठी उठला होता.

खाण झालीच. १९७१ मध्ये योलंगू न्यायालयातही हरले. मात्र त्या पराभवातून चौकशी आयोग आला, १९७६ मध्ये उत्तर प्रदेशासाठी आदिवासी भूमी हक्क कायदा झाला (हा उत्तर प्रदेश ऑस्ट्रेलियातला, लखनौचा नव्हे), आणि १९९२ च्या माबो निकालाने ही भूमी इंग्रज येण्याआधी कोणाचीच नव्हती हे गृहीतकच मोडीत काढले. मार्च २०२५ मध्ये तर उच्च न्यायालयाने, जे इथले सर्वोच्च न्यायालय आहे, त्याच खाणीच्या भूमीसंदर्भात मूळ रहिवाशांचा परंपरागत भूमिहक्क ही मालमत्ता असल्याचे मान्य करून भरपाईच्या दाव्याची वाट मोकळी केली. अर्जापासून या निकालापर्यंत जवळजवळ ६२ वर्षे गेली.

हे सांगितले म्हणून ऑस्ट्रेलिया आदर्श ठरत नाही. १९६६ मध्ये इथे डॉलरचे नवे चलन आले, तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी या चित्रकाराच्या सालीवरच्या चित्रावर बेतलेली रेखाटने छापली गेली आणि त्यांना कोणी विचारलेसुद्धा नव्हते. ही गोष्ट उघड झाल्यावर त्यांना १,००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य मिळाले. मासेमारीचे साहित्य! आजही आमच्या कार्यालयात प्रत्येक मोठ्या बैठकीच्या आरंभी या भूमीच्या मूळ राखणदारांना आदरपूर्वक स्मरण्याची प्रथा आहे आणि स्वागतकक्षात त्यांचे चित्र टांगलेले आहे. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये, संसदेला सल्ला देणारे त्यांचे एक मंडळ राज्यघटनेत असावे काय, या सार्वमतात सुमारे ६० टक्के लोकांनी नकार दिला. भिंतीवरचे चित्र चालते आणि त्या चित्रातली मागणी चालत नाही, ही सोय दोन्ही देशांना सारखीच अवगत आहे.

आता घरचा वाद. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटसंबंधीचा, म्हणजे निजामकाळातल्या जातींच्या नोंदींसंबंधीचा, शासन निर्णय निघाल्यापासून मराठवाड्यात ओळख म्हणजे जुनी नोंद असे समीकरण अधिकच पक्के झाले आहे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींपाठोपाठ बंजारा समाजाने त्याच गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीची मागणी केली, मोर्चे निघाले, आणि त्याविरुद्ध आदिवासी संघटनांचेही मोर्चे निघाले. तेलंगणात अनुसूचित जमातीत असलेला आपला भाऊबंद सीमेच्या अलीकडे विमुक्त-भटक्यांत का, हा बंजारांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. पण त्यावरची टीव्हीवरील चर्चा मी इथून रात्री जागून पाहतो, तेव्हा किनवट-माहूरचा कोलाम किंवा हिंगोलीचा आंध त्यात दिसत नाही. ज्या यादीवर भांडण चालले आहे, त्या यादीत आधीपासून असलेला माणूस त्यात केवळ टक्केवारी म्हणून येतो.

किनवट तालुक्यातल्या एका शासकीय इमारतीच्या कुंपणभिंतीवर मी गेल्या खेपेस वारली चित्रे पाहिली. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे, सगळे नीटनेटके, ऑइल पेंटमध्ये. वारली लोक राहतात पालघर-डहाणूकडे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. जिव्या सोमा म्हसे यांच्या हाताने ती कला जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे सगळे अभिमानाचेच आहे. परंतु जिथे दिवाळीत मोरपिसांचे टोप घालून दंडारीचा नाच निघतो, त्या गोंड-कोलामांच्या गावातल्या भिंतीवर दुसऱ्याच जमातीचे चित्र काढणे म्हणजे आदिवासी सगळे एकच, असे सरकारी रंगात लिहिणे होय. तिथल्या कोणाला विचारले होते काय, असे मी एका शिक्षकाला विचारले, तर ते म्हणाले, "पेंटर नांदेडचा होता, त्याला हेच येतं."

आपल्याकडे ओळखीची परीक्षाही आहे, पण ती उलट्या दिशेने. जमात प्रमाणपत्राच्या पडताळणीत आप्तभाव चाचणी असते. देव कोणते, लग्न कसे लागते, मयताचे काय करता, हे अर्जदाराला विचारतात आणि उत्तरे पुस्तकाशी जुळवून पाहतात. शिकून शहरात गेलेल्या मुलाला ती सांगता आली नाहीत तर संशय येतो. ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले, ते बरे झाले. योलंगूंनी आपल्या खुणा स्वतः निवडून संसदेपुढे ठेवल्या. आपण मात्र खुणा आधी छापून ठेवतो आणि माणूस त्यांत बसतो का ते पाहतो.

किनवटच्या गोंडांची वंशपरंपरा चित्रात नव्हे, तर त्यांच्या गाथा गाणाऱ्या प्रधानांच्या किंगरीवर, म्हणजे तंतुवाद्यावर, आहे. एका वृद्ध प्रधानाने मला घराच्या ओट्यावर बसून एका गोंड कुळाची गाथा ऐकवली. तिच्यात देव आला, पूर्वज आले आणि कुळाचे मूळ ठाणे आले. ते ठाणे आज सीमेपलीकडे तेलंगणात आहे. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे गाण्यात सीमा नाही. त्या कुळातल्या एका मुलाच्या जमात प्रमाणपत्राचा वैधता प्रस्ताव तेव्हा पडताळणी समितीपुढे होता, त्याला १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा हवा होता, आणि प्रस्तावाच्या नमुन्यात गाणे जोडायला रकाना नव्हता.