‘पांडवकडा केलाय ना, मग वसुधारा सोपाच’ : एका फॉरवर्डचा समाचार

उन्हाळी सुट्टी जवळ आली की ठाणे-नवी मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. कधी वर ‘अनुभवी ट्रेकरचा सल्ला’ असं लिहिलेलं असतं, कधी नुसतंच ‘जरूर वाचा’. त्याचं सार असं : पावसाळ्यात आपल्याकडे धबधब्यांवर बंदी, त्यात शेवाळ, लोंढे आणि गर्दी. त्यापेक्षा मे-जूनमध्ये हिमालय गाठा आणि हिमनद्यांनी कोरलेल्या खोऱ्यांतले धबधबे करा. तिथे पाऊस नाही म्हणून पूर नाही. पाणी बर्फाचं, म्हणजे शुद्ध आणि बारमाही. वाट दरीच्या तळातून सपाट. दुपारी निघा, तेव्हा धबधबा भरून वाहतो. खाली मनसोक्त भिजा. खारघरचा पांडवकडा नाहीतर बदलापूरजवळचा कोंडेश्वर हे धबधबे केलेल्याला बद्रीनाथजवळचा वसुधारा धबधबा म्हणजे शतपावली, गाइडचीही गरज नाही.

धडधडीत थाप असती तर सोडून देता आली असती. पंचाईत अशी, की यातल्या बहुतेक वाक्यांत थोडं थोडं खरं आहे आणि तेवढ्या खऱ्याच्या भरवशावर माणसं तिकिटं काढतात.

‘पाऊस नाही म्हणून पूर नाही’ यापासून सुरुवात करू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. आपले धबधबे पावसावर जगतात. खारघरच्या डोंगरावर एक जोरदार सर आली की काही मिनिटांत खालचा ओढा चढतो, आणि पाऊस थांबला की तासा-दोन तासांत उतरायलाही लागतो. म्हणून सह्याद्रीत फिरणारा माणूस वर बघायला शिकतो. माथ्यावर ढग दाटले का, पाणी एकदम गढूळ झालं का, काड्या-पानं वाहून येताहेत का, हे तो पाहतो. ही नजर सोन्याची आहे. पण हिमनदीच्या खोऱ्यात हीच नजर फसवते, कारण तिथे पाणी वाढवतं ते ऊन. आभाळ जितकं निरभ्र, तितकं वर बर्फ जास्त वितळतं. आणि ते पाणी लगेच खाली पोचत नाही. बर्फातून झिरपत, भेगांतून वाट काढत, दगडगोट्यांतून उतरत यायला त्याला काही तास लागतात. त्यामुळे ओढ्याला सगळ्यात जास्त पाणी भर दुपारी बाराला नसतं, ते असतं दिवस कलताना. सकाळी सहाला ज्या दगडांवरून टणाटण उड्या मारत ओढा ओलांडला, ते दगड परतताना चार-पाच वाजता दिसतही नाहीत. घोट्याएवढं पाणी मांडीपर्यंत आलेलं असतं, रंग दुधट राखाडी झालेला असतो, तळ दिसत नाही आणि वर बघावं तर आभाळ स्वच्छ निळं. आपल्या माणसाला यात धोक्याची एकही ओळखीची खूण सापडत नाही.

आता ‘दुपारी निघा’ या सल्ल्याकडे बघा. धबधबा दुपारनंतर जास्त भरतो, हे खरंच. फोटो चांगले येतील. पण परतीचे ओढे ओलांडायची वेळ नेमकी सगळ्यात वाईट निवडली जाते. हिमालयात ओढे पहाटे-सकाळी ओलांडायचे असतात, ही तिथली बाराखडी आहे. सल्ला देणाऱ्याने तीच उलटी गिरवली आहे.

पावसाशिवाय पूर म्हणजे काय, याचं भयानक उदाहरण वसुधारा ज्या चमोली जिल्ह्यात आहे तिथलंच आहे. 7 फेब्रुवारी 2021, ऐन हिवाळा, उघडी सकाळ. रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा सुटला, खाली येता येता त्यातलं बर्फ घर्षणाने वितळलं आणि ऋषिगंगा-धौलीगंगेच्या खोऱ्यात चिखल-पाण्याची भिंत घुसली. दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. सिक्कीममध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमनदीच्या तोंडाशी साठलेलं तळं फुटलं आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. असं काही धबधब्याच्या सहलीत रोज घडतं असं नाही, आणि त्या भीतीने घरी बसा असंही माझं म्हणणं नाही. पण ‘पूर नाही’ हे वाक्य लिहिताना माणसाचा हात जरा अडखळायला हवा होता. शिवाय जूनमध्ये तिकडे पाऊस नसतो हेही पूर्ण खरं नाही. केदारनाथचा 2013 चा प्रलय 16 आणि 17 जूनचा. तो आधी पावसाचा होता, मग वरचं चोराबारी तळं फुटलं.

‘वाट सपाट’ या मुद्द्यात मात्र भूगोलाची मोठी गंमत आहे. हिमनदी म्हणजे पुढे सरकणारं बर्फ, पोटात दगड घेऊन जमीन खरवडत जाणारं. नदी दरीला इंग्रजी व्ही अक्षराचा आकार देते, हिमनदी तीच दरी रुंद करते, तळ सपाट आणि बाजूच्या भिंती जवळजवळ उभ्या ठेवते. आता मुख्य खोऱ्यातली हिमनदी जाड, बाजूच्या खोऱ्यांमधल्या बारीक. जाड हिमनदी खोल खणते, बारीक तेवढं खणू शकत नाही. हजारो वर्षांनी बर्फ मागे हटतं तेव्हा बाजूची खोरी मुख्य दरीच्या भिंतीत उंचावर लोंबकळत राहिलेली असतात, आणि त्यांच्या ओढ्यांना खाली यायला कड्यावरून उडी मारण्यावाचून मार्ग नसतो. स्वित्झर्लंडचं लाउटरब्रुनेन खोरं हा याचा पाठ्यपुस्तकातला नमुना आहे. तिथला श्टाउबबाख धबधबा 297 मीटर कोसळतो आणि तुम्ही तळातल्या गावातून डांबरी रस्त्यावर उभं राहून तो बघता. बद्रीनाथजवळच्या माणा गावाच्या पुढे, जिथून वसुधाराची वाट सुरू होते, अलकनंदेचं खोरंही असंच रुंद होतं, आणि वसुधारा त्याच्या बाजूच्या कड्यावरून येतो.

सह्याद्रीत हे झालेलं नाही. आपला डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, आणि हिमनदी इकडे कधी फिरकली नाही. इथे धबधब्याला जायचं म्हणजे घळीतून, ओढ्याच्या पात्रातून वर चढायचं, हाताखाली ओला काळा कातळ. मग हिमालयातली रुंद वाट बघून आपला माणूस हुरळतो. बरीचशी वाट खरंच सरळ असते, माणातून लहान मुलं आणि साठीच्या बायकाही जाताना दिसतात. अडचण शेवटच्या टप्प्यात. कड्याच्या पायथ्याशी दगडांचा ढिगारा असतो, वरून शतकानुशतकं पडलेला आणि अजून पडतोय असा. रात्री भेगांतलं पाणी गोठून खडक फाकवतं, सकाळी ऊन लागलं की दगड सुटतात. म्हणून कड्याखाली बसून डबा उघडायचा नसतो. आणि हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला खडक कोरडा असतानाही पाय ठरू देत नाही. शेवाळ नाही म्हणून निसरडं नाही, हा हिशेब तिथे चालत नाही.

या पायथ्याशीच मे-जूनमध्ये फॉरवर्डमध्ये अवाक्षरही नसलेली गोष्ट असते : हिवाळ्यात कोसळलेल्या बर्फाचा उरलेला थर, ओढ्यावर पुलासारखा पसरलेला. वरून मळकट, मातीने माखलेला, इतका घट्ट दिसतो की जमीनच वाटावी. खालून मात्र ओढ्याचं पाणी तो पोखरत असतं. मध्यभागी आणि दगडांच्या कडेला तो सगळ्यात पातळ, ऊन चढेल तसा आणखी मऊ. कडेला वाकून कान दिला तर आत पाण्याचा घुमणारा आवाज येतो. सेल्फीसाठी लोक नेमके मधोमध जातात. कोंडेश्वरच्या डोहाचे भोवरे ज्याला पाठ आहेत त्यालाही हा धोका माहीत असण्याचं कारण नाही. त्याने तो आयुष्यात पाहिलेलाच नसतो.

‘पाणी बारमाही’ हा मुद्दा दोन ओळींत संपतो. हिमनदीने खोरं कोरलं म्हणून आज वर हिमनदी आहेच असं नाही. अमेरिकेतल्या योसेमिटीचा 739 मीटरचा धबधबा मुख्यतः हिवाळी बर्फाच्या वितळण्यावर चालतो, मे-जूनमध्ये दणदणतो आणि ऑगस्टपर्यंत बऱ्याचदा पार आटतो.

‘शुद्ध’ पाण्याचं म्हणाल तर बाटलीभर दुधट पाणी रात्रभर तंबूत ठेवून बघा. सकाळी तळाशी राखाडी साका बसलेला दिसेल. तो हिमनदीने दळलेल्या खडकाचा पिठासारखा बारीक चुरा. तो एकवेळ परवडला, पण वरच्या कुरणांवर शेळ्या-मेंढ्यांचे कळप चरतात, वाटेवर खेचरं चालतात, आणि त्यांच्या लेंड्या-लिदीतले जंतू थंड पाण्यात मरत नाहीत, उलट जास्त दिवस टिकतात. गाळून, उकळून प्या. त्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उकळी फुटल्यावर तीनेक मिनिटं तसंच ठेवायचं.

मनसोक्त भिजण्याबद्दल : पांडवकड्याच्या पाण्यात हुडहुडी भरते, बर्फाच्या पाण्यात श्वास अडकतो आणि थोड्याच वेळात बोटं वळेनाशी होतात. वर दरीतला वारा आणि अंगावर ओली जीन्स. वसुधाराचं पाणी पापी माणसाच्या अंगावर पडत नाही अशी श्रद्धा आहे. तिथला वारा पाण्याचे तुषार इतके इकडेतिकडे उडवतो की भल्याभल्या पुण्यवंतांची परीक्षा होते. कोरडे राहिलात तर वाईट वाटून घेऊ नका, तब्येतीला बरंच आहे.

आता मूळ दावा, पांडवकडा केलेल्याचा. पांडवकडा सुमारे 107 मीटरचा, आणि त्याचा पायथा समुद्रसपाटीपासून फार वर नाही. महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक कळसूबाई 1,646 मीटर. माणा गाव 3,200 मीटरच्या घरात आणि वसुधारा त्याहून वर. म्हणजे चालायला सुरुवात करता तिथेच कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंची झालेली असते. तिथे प्रत्येक श्वासात ठाण्याच्या मानाने तृतीयांश ऑक्सिजन कमी मिळतो. सह्याद्रीने कमावलेले गुडघे आणि दम उपयोगी पडतात, यात वादच नाही. पण विरळ हवेची सवय व्यायामाने होत नाही, तिला फक्त वेळ लागतो. किंबहुना दमदार माणसालाच जास्त त्रास होताना दिसतो, कारण तो भराभर चढतो आणि डोकं दुखायला लागलं तरी ग्रुपमध्ये सांगत नाही. त्यात आपली सहलीची आखणी अशी, की आज हरिद्वारला तीनशे मीटरवर मुक्काम आणि उद्या रात्री थेट बद्रीनाथला एकतीसशेवर. मध्ये जोशीमठला, 1,900 मीटरच्या आसपास, एक रात्र थांबा. बद्रीनाथला दुसरी काढा, मग वसुधारा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर गोळी घेऊन पुढे रेटायचं नाही, खाली उतरायचं.

आपल्याकडे बंदी आणि तिकडे नाही, म्हणून तिकडे सुरक्षित, हा तर तर्कच नाही. आपल्याकडे पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात ते माणसं बुडाल्यानंतर, शहराला खेटून असलेल्या ओढ्यांवर लोटणाऱ्या गर्दीमुळे. तिकडे सहा महिने बर्फच वाट अडवतं. 28 फेब्रुवारी 2025 ला माणाजवळच हिमस्खलन झालं, रस्त्याचे कामगार त्याखाली सापडले आणि आठ जण दगावले.

राहिला गाइड. वाट चुकणार नाही, फोनवरचा नकाशा पुरतो, हे कबूल. पण बर्फाचा तो पूल काल कुणी ओलांडला का, ओढा आज किती वाजता चढेल, कड्याच्या कुठल्या बाजूने दगड येताहेत, हे नकाशात येत नाही. ते माणातल्या माणसाला माहीत असतं, कारण तो त्याच वाटेने गुरं नेतो. बुटांवर आणि पाठपिशवीवर हजारो रुपये सहज उडवणाऱ्यांनी त्याच्या दिवसाच्या मजुरीवर घासाघीस करावी, हे काही मला पटत नाही.